पंप आला, पाणवठा मात्र एक झाला नाही

ग्रामीण भागातील पिण्याच्या पाण्यावर भरणाऱ्या कुठल्याही कार्यशाळेत जा, पहिल्या अर्ध्या तासात एक ठरलेला इतिहास सांगितला जातो. १९७२ चा दुष्काळ, युनिसेफची बोअर पाडणारी यंत्रे, इंडिया मार्क टू हातपंप, १९७७ ची जागतिक पाणी परिषद, १९८१ ते १९९० हे आंतरराष्ट्रीय पेयजल दशक, त्यानंतर जागतिक बँकेचे कर्ज, जलस्वराज्य आणि आता जलजीवन मिशन. हा इतिहास खोटा नाही. त्यातला बराचसा अभिमानाने सांगावा असाच आहे. पण त्यात एक नाव नसते. ते नाव महाड.

आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहू. संयुक्त राष्ट्रांची पहिली जागतिक पाणी परिषद अर्जेंटिनातील मार देल प्लाता या शहरात १४ ते २५ मार्च १९७७ या काळात भरली. देश कितीही मागासलेला असो, लोकांची सामाजिक-आर्थिक स्थिती कशीही असो, गरजेपुरते आणि पिण्याजोगे पाणी मिळणे हा सर्वांचा हक्क आहे, असे त्या परिषदेने जाहीर केले. परिषद चालू असतानाच २० मार्च उजाडला. त्या दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला त्या घटनेला बरोबर ५० वर्षे पूर्ण झाली. जगाने १९७७ मध्ये जे कागदावर आणले, ते महाडच्या आपल्या माणसांनी १९२७ मध्ये ओंजळीत घेतले होते आणि त्यासाठी डोकी फोडून घेतली होती.

हा योगायोग मिरवण्यासाठी सांगत नाही. पाण्याच्या प्रश्नावरच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचा इतिहास महाडपासून वाचायला सुरुवात केली, तर तो वेगळा दिसतो. त्याचे यश कुठे आहे आणि ते कुठे येऊन थांबले, हे दोन्ही स्पष्ट होते.

महाडचा प्रश्न काय होता?

जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर हक्क मिळाला, पण तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले. नंतर सवर्णांनी सभेहून परतणाऱ्यांवर हल्ले केले आणि पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे लागली.

१९२७ च्याच डिसेंबरमधील दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा आपण सगळे जाणतो. चवदार तळ्याचे पाणी प्यायले नाही म्हणून आपण मरणार नव्हतो. तळ्यावर जायचे होते ते इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी. म्हणजे महाडची मागणी पाणीपुरवठ्याची नव्हतीच. महाडला वेगळे तळे खणून दिले असते तरी तो प्रश्न सुटला नसता. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढच्या ५० वर्षांत सरकार आणि परदेशी संस्थांनी मिळून नेमके तेच केले: वेगळे तळे खणून दिले.

बाबासाहेब आणि परदेशी तंत्रज्ञान

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. परदेशी मदत आणि परदेशी तंत्र म्हटले की नाक मुरडणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. बाबासाहेब त्यांतले नव्हते. १८ ते २० जुलै १९४२ ला आपल्या नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा निर्णय झाला, आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला महापूर आला. तेव्हा त्यांनी अमेरिकेतील टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीचा नमुना समोर ठेवला. तिथले अनुभवी अभियंता डब्ल्यू. एल. वूर्डुईन यांना भारतात आणले गेले. १९४५ च्या कोलकात्यातील बैठकांमध्ये बाबासाहेबांनी पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक असा सगळ्याचा एकत्र विचार मांडला. केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग १९४५ मध्ये उभा राहिला आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला.

म्हणजे महाडला ओंजळ भरणारे बाबासाहेब आणि टेनेसीचा नमुना अभ्यासणारे बाबासाहेब एकच आहेत. त्यांच्यासाठी यंत्र आणि हक्क हे दोन पर्याय नव्हते. राज्यघटनेतही त्यांनी पाणी हा विषय मोघम सोडला नाही. कलम १५ च्या दुसऱ्या उपकलमात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांची नावे घेऊन भेदभावाला बंदी आहे. आपल्यानंतर आलेल्यांनी यंत्र उचलले आणि हक्क तिथेच ठेवला. तक्रार यंत्राबद्दल नाही, या फाळणीबद्दल आहे.

जालन्याचा पंप जगभर कसा गेला?

१९६६-६७ मध्ये बिहार आणि उत्तर प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. युनिसेफने दाबाच्या हवेवर चालणारी, कातळ फोडणारी यंत्रे आणली. ज्या खडकात बोअर घ्यायला कित्येक आठवडे लागत, तिथे एखाद्या दिवसात पाणी लागू लागले. दख्खनच्या काळ्या पाषाणासाठी तर हे वरदानच होते. १९७० नंतरच्या काही वर्षांत युनिसेफच्या मदतीने अशी शंभरावर यंत्रे देशातल्या खडकाळ प्रदेशांत फिरू लागली. १९७२-७३ मध्ये केंद्र सरकारने त्वरित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम सुरू केला.

बोअर झाले, पण त्यावर बसवलेले पंप टिकेनात. ते बिडाचे पंप युरोप-अमेरिकेतल्या एका कुटुंबाच्या अंगणासाठी बनवलेल्या पंपांच्या नकला होत्या. आपल्या गावात तोच पंप पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो माणसे हापसणार. १९७० च्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बंद आढळले. लाखो रुपयांचे बोअर आणि वर मोडका दांडा, अशी गत होती.

याला उत्तर महाराष्ट्रातून मिळाले. ही गोष्ट आपल्याच लोकांना फारशी माहीत नाही. जालना, नगर जिल्ह्यातील वडाळा आणि सोलापूर इथल्या ख्रिस्ती मिशनांच्या पाणी प्रकल्पांत मोडके पंप दुरुस्त करता करता स्थानिक मिस्त्री आणि परदेशी कार्यकर्ते नवा पंप घडवत होते. जालना पंप, जालना आणि वडाळा मिळून जलवाड पंप, आणि शेवटी सोलापूर पंप. त्यांतली मुख्य युक्ती साधी होती. दांड्याला अनेक सांधे ठेवण्याऐवजी एकच सांधा ठेवायचा आणि आतली सळई साखळीने ओढायची. त्यामुळे सळई सरळ वर-खाली होते, वाकत नाही, तुटत नाही. पंपाची बैठक लोखंडी आणि सिमेंटच्या ओट्यात घट्ट बसवलेली. सोलापूरचा पंप औपचारिक शिक्षण नसलेल्या एका भारतीय मिस्त्रीच्या डोक्यातून आला, असे या पंपाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. जगातल्या सर्वात यशस्वी पंपाचा मूळ आराखडा ज्याच्या हातून उतरला, त्याची ओळख बहुतेक ठिकाणी ‘एक स्वशिक्षित मेकॅनिक’ एवढीच उरली. हातांना श्रेय न देण्याची ही आपली जुनी परंपरा आहे.

सोलापूर पंपाच्या आधारावर भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून नवा पंप तयार केला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रूडास या सरकारी कंपनीने तो बनवला, कोइम्बतूरच्या परिसरात त्याच्या चाचण्या झाल्या. हाच इंडिया मार्क टू. १९७९ पासून त्याला भारतीय मानक आहे. कुठलीही लहान कंपनी बनवू शकेल, त्यावर कुणाचे पेटंट नाही, असे त्याचे स्वरूप ठेवले गेले. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे लाखो पंप भारतात आणि आफ्रिकेत बसले. युगांडाने तर थोडे बदल करून त्याला आपला राष्ट्रीय पंप केले, त्याचे नाव यू-टू. आज आपण ज्याला हापशी किंवा विदर्भात बोरिंग म्हणतो, तो हाच पंप.

या पंपाने जीव वाचवले, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. नारूचे उदाहरण घ्या. उघड्या विहिरीत आणि पायऱ्यांच्या बारवेत उतरून पाणी भरणाऱ्यांच्या पायातून हातभर लांब जंत निघायचा, माणूस महिनोन्महिने खाटेला खिळायचा. ज्या राज्यांत नारू होता त्यांत महाराष्ट्रही होता. बंदिस्त बोअर, गाळलेले पाणी आणि गावोगावची तपासणी यांमुळे नारू गेला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. शेतमजुराला खाटेला खिळवणारा रोग गेला, याचा सर्वात मोठा फायदा कुणाला झाला हे वेगळे सांगायला नको.

१९७२ : एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

पण १९७२ या वर्षात महाराष्ट्रात आणखीही काही घडत होते. एकीकडे दुष्काळात बोअरची यंत्रे खडखडत होती. दुसरीकडे मे महिन्यात मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. आणि त्याच वर्षी डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम सुरू केली. ते आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले आणि एकच प्रश्न विचारत राहिले: तुमच्या गावच्या विहिरीवर सगळे पाणी भरतात का? कायदा होऊन १७ वर्षे झाली होती, अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ चा. तरीही गावागावांतून उत्तर ‘नाही’ असेच मिळत होते. विहिरीपासून दूर उभे राहायचे, कुणी दया येऊन वरून ओतले तर गुंड भरायचा, हे स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी चालू होते.

एकाच वर्षी, एकाच राज्यात, एकाच दुष्काळात दोन माणसे गावात येत होती. एक यंत्र घेऊन येत होता आणि विचारत होता, पाणी किती खोल आहे? दुसरा पायी येत होता आणि विचारत होता, पाणी कुणाचे आहे? या दोघांची फायलीत कधी भेट झाली नाही. पहिल्याचे काम आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणून नोंदले गेले. दुसऱ्याचे काम ‘सामाजिक चळवळ’ म्हणून वेगळ्या कप्प्यात गेले. पाणीपुरवठ्याच्या इतिहासाची खरी चूक या कप्प्यांत आहे.

वेगळ्या पंपाचे राजकारण

पुढे काय झाले? पाणवठा एक होईना, तेव्हा सरकारने सोपा मार्ग काढला. दलित वस्तीत वेगळी हापशी बसवायची. बोअरचे तंत्र स्वस्त आणि वेगवान झाल्यामुळे हे शक्य झाले. पूर्वी गावात नवी विहीर खणणे हा मोठा खर्च होता, त्यामुळे असलेली विहीर खुली करा असा आग्रह धरता येत होता. आता विहीर खुली करण्यापेक्षा शंभर फुटांवर दुसरा बोअर मारणे सोपे झाले. केंद्राच्या कार्यक्रमात २५ टक्के निधी अनुसूचित जातींसाठी आणि १० टक्के अनुसूचित जमातींसाठी राखून ठेवण्याचा नियम आला. नियम चांगला होता, पण त्याचा गावातला अर्थ बहुतेक ठिकाणी एवढाच झाला: त्यांचा पंप त्यांच्याकडे, आमचा आमच्याकडे.

या मुद्द्यावर आपल्यातही दोन मते आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. काही कार्यकर्ते म्हणतात की वेगळा पंप स्वीकारणे म्हणजे अस्पृश्यतेला सरकारी मान्यता देणे. हा आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे. पण डोक्यावर गुंड घेऊन रोज अर्धा कोस चालणाऱ्या, दुसऱ्याच्या विहिरीवर शिव्या खाणाऱ्या बाईला दारात पाणी मिळाले तर तिने ते नाकारावे, हे सांगण्याचा अधिकार पाणी न भरणाऱ्या पुरुषांना नाही. वेगळ्या पंपाने तिचा रोजचा अपमान थांबवला. तो थांबवणे हीदेखील मुक्तीच आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. वस्तीतला पंप आपला हक्क होता आणि तो घेतला ते योग्यच केले. चूक झाली ती पंप दिल्यावर गावाला आणि प्रशासनाला मोकळे सोडण्यात. आता यांना पाणी मिळाले, मग विहिरीचा प्रश्न कशाला काढता, असे म्हणायची सोय झाली. उन्हाळ्यात वस्तीतला बोअर आटला, पंपाचा वायसर गेला, दांडा मोडला, की तीच बाई पुन्हा त्याच विहिरीवर उभी राहते आणि ४० वर्षांपूर्वीचे उत्तर पुन्हा ऐकते. घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी ११ राज्यांतील ५६५ गावांच्या पाहणीवर आधारित ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात जवळपास निम्म्या गावांत दलितांना पाण्याच्या सार्वजनिक स्रोतांवर अटकाव असल्याचे दिसले. हे इंडिया मार्क टू बसल्यावर सुमारे पाव शतकाने. आणि २०१६ मध्ये आपल्याच विदर्भात, वाशीम जिल्ह्यात, पत्नीला विहिरीवर पाणी नाकारले म्हणून एका दलित मजुराने ४० दिवस खपून स्वतःची विहीर खणली. माध्यमांनी त्याला जिद्दीची कथा केले. ती जिद्दीची होतीच. पण पाणी नाकारणाऱ्याचे काय, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून गेला.

तंत्रज्ञान जात मोडत नाही. बंद झडपेच्या पंपात दोर-बादली बुडत नाही, म्हणजे ‘विटाळा’चे जुने कारणही उरत नाही. तरीही आमच्या बायांनी हापसल्यावर दांडा धुऊन घेण्याची पद्धत कित्येक गावांनी शोधून काढली. विटाळ पाण्यात नव्हताच, तो डोक्यात होता, हे त्या धुतलेल्या लोखंडी दांड्याइतके स्पष्ट कुणीच सांगितले नाही.

नागपूरचा वाटा

या इतिहासात आपल्या नागपूरचाही वाटा आहे. १९५८ मध्ये इथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये तिचे नाव बदलले आणि ती नीरी झाली. वर्धा रोडवरून जाताना आपण तिची पाटी वाचतो, पण तिथे काय झाले हे वस्त्यांपर्यंत पोहोचलेले नाही.

१९७५ च्या सुमारास नेदरलँड्समधील आंतरराष्ट्रीय संदर्भ केंद्राने डच सरकारच्या मदतीने मंद वाळू गाळणीचा एक प्रकल्प अनेक देशांत हाती घेतला. भारतातले काम नीरीकडे होते. या गाळणीत वाळूच्या वरच्या थरावर सूक्ष्म जीवांचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि तोच पाण्यातले रोगजंतू संपवतो. महागडी यंत्रे लागत नाहीत, गावचा माणूस ती चालवू शकतो. ज्या चार भारतीय गावांत प्रात्यक्षिक गाळण्या उभ्या राहिल्या, त्यांत नागपूर जिल्ह्यातील बोरुजवाडा हे गाव होते.

दुसरे काम फ्लोराइडचे. बोअर जसजसे खोल गेले, तसतसे काही भागांत पाण्यातून फ्लोराइड वर येऊ लागले. दात पिवळे-तपकिरी, हाडे वाकलेली, तरुणपणी काठी. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांना हे दुखणे माहीत आहे. नीरीने १९७५ मध्ये तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची पद्धत विकसित केली. तेव्हाच्या आंध्रातील नलगोंडा जिल्ह्याच्या नावाने ती ओळखली जाते आणि पुढे टांझानिया, इथिओपियासारख्या आफ्रिकी देशांतही वापरली गेली. म्हणजे सहकार्य नेहमी गोऱ्यांकडून आपल्याकडे, असे एकाच दिशेचे नव्हते. जालना-सोलापूरचा पंप युगांडात गेला आणि नागपूरची तुरटी टांझानियात गेली.

पण फ्लोराइडने एक सामाजिक धडा दिला. गावाला पर्यायी स्रोत असेल तर दूषित पंपावर लाल रंग फासून तो बंद करता येतो. ज्या वस्तीला एकच पंप मिळाला आणि गावच्या विहिरीचा रस्ता बंद राहिला, तिला पर्याय कुठला? तिथे लाल रंग फासला तरी लोक तेच पाणी पिणार. वेगळ्या पाणवठ्याची किंमत ही अशी शरीरातून वसूल होते.

कर्जाचा काळ आणि ‘मागणी’ची भाषा

१९९० नंतर सहकार्याची भाषा बदलली. युनिसेफचे दान मागे पडले, जागतिक बँकेचे कर्ज पुढे आले. महाराष्ट्रात २००३ पासून जलस्वराज्य प्रकल्प २६ जिल्ह्यांत राबवला गेला. पुणे, नगर आणि औरंगाबाद या जिल्ह्यांत जर्मनीच्या मदतीने ‘आपलं पाणी’ प्रकल्प होता. तत्त्व असे की पाणी ही मागणीवर आधारित सेवा आहे. गावाने ठराव करावा, समिती करावी, खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी भरावी, आदिवासी गावांनी ५ टक्के, आणि देखभाल गावानेच करावी.

यात चांगले काही होते. महिला आणि मागासवर्गीय सदस्यांची अट आली, सामाजिक लेखापरीक्षण आले, ग्रामसभेत पाण्याचा हिशेब वाचला जाऊ लागला. पण समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ‘गावाची मागणी’ या शब्दाबद्दलच शंका आहे. गाव हा एकजिनसी समूह नाही. बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्याबद्दल काय मत मांडले होते ते आठवा. ज्या गावात वस्तीचा माणूस ग्रामसभेत खुर्चीवर बसायला कचरतो, तिथे मागणी कोण करणार? ती त्याचीच, ज्याचा आवाज आधीच मोठा आहे. टाकी कुठे बांधायची, पाइप कुठल्या गल्लीतून न्यायचा, पाणी आधी कुणाला सोडायचे, हे तांत्रिक वाटणारे निर्णय खरे तर सत्तेचे निर्णय असतात. वर्गणी भरता आली नाही म्हणून नळ उशिरा मिळालेले घर कागदावर ‘मागणी नसलेले’ घर ठरते.

पंपासाठी जग, जातीसाठी ‘अंतर्गत प्रश्न’

याच काळात आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर काय झाले? २००१ मध्ये डर्बनला वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली. दलित संघटना तिथे जातीचा प्रश्न घेऊन गेल्या. भारत सरकारची भूमिका होती की जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. बोअरची यंत्रे घेताना, कर्ज घेताना, मार देल प्लाताला हात वर करताना पाणी हा आंतरराष्ट्रीय विषय होता. त्याच पाण्यावर कुणाला उभे राहू देत नाहीत, असे विचारले की तो अंतर्गत झाला.

२८ जुलै २०१० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुरक्षित पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचा ठराव १२२ मतांनी मंजूर केला. २०१७ च्या अखेरीस या हक्काचे विशेष प्रतिवेदक लिओ हेलर भारतात येऊन गेले. स्वच्छ भारतच्या बोधचिन्हातील चष्म्याला मानवी हक्कांची भिंग लावण्याची वेळ आली आहे, अशा अर्थाचे ते बोलले. सरकारने त्यांच्या निष्कर्षांवर तीव्र नाराजी व्यक्त केली आणि चष्म्याच्या उल्लेखाने राष्ट्रपित्याचा अनादर झाल्याचा मुद्दा काढला. चर्चा चष्म्याची झाली, डोळ्यांची राहून गेली.

पाना कुणाच्या हातात?

मग चांगले सहकार्य कसे असते? एक उदाहरण उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्याचे आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्या कार्यक्रमाने युनिसेफ आणि जलनिगमच्या साथीने तिथल्या कोल आदिवासी आणि दलित बायांना हातपंप दुरुस्तीचे प्रशिक्षण दिले. अक्षरओळखही नसलेल्या बाया पंप खोलू लागल्या, जोडू लागल्या. त्यातूनच त्यांनी लिहा-वाचायला शिकावे अशी गरज उभी राहिली आणि पुढे त्या भागात ग्रामीण बायांची वृत्तपत्रे निघाली.

इथे फरक काय झाला? पंप तोच, मदत करणारी संस्थाही तीच. पण यावेळी पाना आणि दुरुस्तीची विद्या त्या बाईच्या हातात आली जिला आतापर्यंत पंपापासून दूर उभे केले जात होते. सवर्ण वस्तीतला पंप बंद पडला तर तिच्या हाताशिवाय पाणी येणार नाही. विटाळाच्या कल्पनेला ही जी चपराक बसते, ती कुठल्याही जनजागृती पथनाट्याने बसत नाही. महाडच्या भाषेत सांगायचे तर पाणी आणि प्रतिष्ठा इथे एकाच पाइपातून आली.

आता नळाची वेळ

१५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झाले. प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी. काही मित्र म्हणतात, घरात नळ आला की पाणवठाच राहणार नाही, मग पाणवठ्यावरची जातही संपेल. मला हे इतके सोपे वाटत नाही. जात विहिरीवरून पाइपात शिरू शकते. दलित वस्ती बहुधा गावाच्या टोकाला असते, आणि टोकाला पाण्याचा दाब सर्वात कमी असतो. उन्हाळ्यात टाकी अर्धी भरली की वरच्या आळीत पाणी येते आणि खालच्या वस्तीत नळ फुसफुसतो. याला कुणी अत्याचार म्हणणार नाही, अभियंता त्याला ‘प्रेशरचा प्रॉब्लेम’ म्हणेल.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. ‘गावात शंभर टक्के नळ’ हा आकडा आम्हाला नको, वस्तीनिहाय आकडा हवा. नळजोडणी झाली का यापेक्षा मे महिन्यात शेवटच्या घरी किती लिटर पाणी आले, हे मोजले पाहिजे. मिशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गावच्या पाणी समितीत निम्म्या महिला आणि २५ टक्के दुर्बल घटकांचे सदस्य असायला हवेत. ती नावे ग्रामसभेत वाचून घ्या आणि सह्या त्यांच्याच आहेत का ते पाहा. निम्म्याहून अधिक अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या असलेल्या गावांना वर्गणी ५ टक्केच आहे, हे सरपंचाला दाखवा. वस्तीतल्या स्रोताची फ्लोराइड आणि नायट्रेटची तपासणी मागा, अहवाल विहाराच्या भिंतीवर लावा. पाणी सोडणारा, मोटार चालवणारा, पाइप दुरुस्त करणारा माणूस नेमताना वस्तीतल्या मुला-मुलींची नावे पुढे करा. आणि सार्वजनिक स्रोतावर कुणी अडवले तर तडजोड करू नका. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अॅट्रॉसिटी कायद्यात सामाईक पाण्याचा वापर अडवणे हा स्पष्ट गुन्हा आहे.

जे परदेशी किंवा देशी निधीतून पाण्याचे काम करतात, त्यांनाही एक विनंती आहे. गावात पाय ठेवल्यावर पाण्याची पातळी जरूर मोजा. पण त्याआधी गावात किती पाणवठे आहेत आणि ते वेगवेगळे का आहेत, हे विचारा. या प्रश्नाचे उत्तर नकाशावर येत नाही तोपर्यंत तुमचा नकाशा अर्धा आहे.

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो, चवदार तळ्याला वंदन करतो. दोन दिवसांनी, २२ मार्चला, जग जागतिक जल दिन साजरा करते. या दोन दिवसांमधले अंतर भरून काढणे हे आपल्या पिढीचे काम आहे. येत्या २२ मार्चला आपल्या तालुक्यात जल दिनाचा कार्यक्रम असेल तर तिथे जा आणि वस्तीचा आकडा मागा.

जय भीम!